वेशीबाहेरचं बरं वाटणं

...सुंभाची गाठ सैल पडली होती. खोपीच्या मेढीला आडवा वासा जिथे बांधला होता तिथली. नवऱ्याने, श्रीपादने बांधलेली, म्हणजे सैल पडायचीच. कचेरीतला माणूस तो, त्याला फायलीची नाडी बांधता येते, मेढीची नव्हे — आणि कावेरी पाठीवर पडून त्या गाठीकडे बघत होती. उठून आवळावी असं काही मनात येत नव्हतं. घरी असती तर हात आपोआप गेला असता. घरी अशी पाठीवर पडलीच कुठे असती म्हणा! उन्हं चांगली वर आली होती, बाहेर तीन दगडांच्या चुलीवर कुणाचा तरी चहा उकळत होता, खाडीवरून पोरांचा गलका येत होता, आणि चाळिशीला टेकलेली, दहावीतल्या मुलीची आई खोपीत लोळत पडली होती. शोभतं का हे? नाही शोभत. पण कुणी म्हणत नव्हतं ना तसं!

गावपळण होती. तीन-चार वर्षांनी देवाचा हुकूम होतो आणि अख्खा गाव दारं ओढून घेऊन वेशीबाहेर येतो — माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. मागे चूल धुमसता कामा नये, कोंबडा आरवता कामा नये. गाव देवाला एकट्याला द्यायचा. माळावर झावळ्यांच्या खोपी घालायच्या आणि राहायचं. तीन रात्री सरल्या की गुरव देवळात जाऊन देवाला कौल लावतो, पाषाणावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवून. उजवीकडची पडली की ढोल वाजतो, गाव घरी परत. डावीकडची पडली तर आणखी एक दिवस बाहेर. आज तो कौल होता. आणि आजच तिला श्रीपादला उत्तर द्यायचं होतं.

जिल्हा वेगळा झाला तसा श्रीपाद कुडाळच्या कचेरीत लागला. खानावळीत जेवतो, शनिवारच्या संध्याकाळच्या गाडीने येतो. आता तिथे त्याला दोन खोल्या मिळाल्या होत्या. "तू येतंस की नाय ता माका घराक जाताना सांग," म्हणाला होता, "मगे माझी रजा संपता." आणि वर, अगदी मायेने, "तुझ्या सुखासाठीच मी ह्यां सगळा करतंय गो." खोटं नव्हतं ते. नळ आहे म्हणाला, विहिरीवर कंबर मोडायला नको, लेकीला, सुगंधाला पुढे कॉलेज जवळ, स्वतःची चूल. तो बोलत होता आणि ते सगळं तिला दिसत होतं — नळ, नळाखालची बादली, बादलीपाशी आपण... आपला चेहरा तेवढा काही केल्या दिसेना.

भाईंना, म्हणजे थोरल्या दिरांना, हे अजिबात पसंत नव्हतं. सुख म्हणजे माणसांत माणूस, दाराशी माड, तिन्हीसांजेला देवापुढे दिवा. "त्या खुराड्यात काय सुख!" असं ते तिला नाही, कुंपणाला सांगितल्यासारखं तिच्या देखत म्हणाले होते. अक्का, नणंद, नवरा गेल्यापासून भावांकडे राहिलेली, तिचं सुख तर फार थोडक्यात आटपायचं. "दोन टायम जेवचा आनि कोणाचा बोलणा खावचा लागूचा नाय. झाला!" म्हणजे अक्काला या घरात ते कधी मिळालं नव्हतं, हे कावेरीला तेव्हा कुठे कळलं आणि तिचा जीव चरकला. इतकी वर्षं एका पंगतीत बसून...

आपलं सुख कशात आहे ते सगळ्यांना कसं ठाऊक असतं? हेच तिला कळत नव्हतं. शाळेत एक दिवस आपण तापाने घरी राहिलो, आणि नेमकं त्याच दिवशी मास्तरांनी ते शिकवलं असावं, तसं. मग पुढे विचारायची लाज. माहेरी खारेपाटणला लग्न ठरलं तेव्हा बाबांनी बंदराच्या पायऱ्यांवर बसून विचारलं होतं, "खुशीत आसंस मां तू?" खाली खाडीचं पाणी ओसरत होतं, चिखलात एक होडी कलंडून पडली होती, आणि ती म्हणाली होती, "व्हय." बाबांचा चेहरा केवढा सैलावला! एका व्हयने एवढं होतं तर म्हणायला काय जातं... मग म्हणतच राहिली. पुढे ते व्हय तिचं राहिलंच नाही. कुणी काही विचारायच्या आत ते तोंडातून बाहेर पडलेलं असायचं.

आणि काल — काल काय झालं होतं? काहीच झालं नव्हतं. ओहोटीला ती आणि थोरली जाऊ विमलावहिनी तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला खाडीत उतरल्या होत्या. गुडघाभर पाणी, वर खोचलेली लुगडी, पायाच्या बोटांनी वाळू चाचपायची, टणक लागलं की वाकायचं. वहिनींचा पाय घसरला आणि त्या टोपलीसकट बदकन पाण्यात बसल्या! वहिनी — ज्यांच्या नुसत्या पावलांनी स्वयंपाकघरात भांडी गप्प होतात — त्या तशाच बसून राहिल्या आणि हसत सुटल्या. कावेरीही हसली, पोट दुखेपर्यंत हसली. मग दोघी ओल्याच खडकावर बसल्या. वहिनी म्हणाल्या, "गो कावेरी, तीन दिवस कोणी माका इचारल्यान नाय, जेवणाक काय आसा म्हणान. सुख म्हणतत ता ह्यांच काय गो?" आणि कावेरीच्या आत काहीतरी लख्ख झालं. हे काय? हे बरं वाटणं कुठलं? ना इथलं घर, ना कुडाळच्या खोल्या. उंबराच नाही त्यामुळे सारवणं नाही. दार नाही त्यामुळे दारात कोण आलं ते बघणं नाही. आपल्याला घरच नकोय की काय! ती घाबरली. असं कुणी म्हणतं? चांगल्या घरची बाई असं म्हणते?

त्या भीतीनेच ती कालपासून गप्प होती. आणि भाईंनी नेमका उलटा अर्थ लावला. बिचारे! लहान भावजय माळावर एकटी बसते, धड जेवत नाही, म्हणजे तिचा जीव घरासाठी तुटतोय. एरवी तिच्याशी थेट न बोलणारे भाई सकाळीच खोपीबाहेर येऊन खाकरले आणि म्हणाले, "आज घराक जावचा हां. काळजी करू नको." तिला रडूच आलं. एवढी माया, आणि ती भलत्याच पत्त्यावर आलेली.

दुपार कलली तसा सगळा गाव वेशीवरच्या दगडापाशी जमला. गुरव आत जाण्याआधी तिथे गाऱ्हाणं घालायचं. गंगाराम गावकार, वाकलेला पण आवाज खणखणीत, नारळ हातात धरून उभा राहिला. भाई पुढे होऊन त्याच्या कानात काहीतरी बोलले.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या हुकमान तुझी लेकरां वेस सोडून भायर रवली—"

"व्हय म्हाराजा!" सगळा माळ बोलला.

"काय चुकला-माकला असात तर पदरात घे—"

"व्हय म्हाराजा!"

"जेचो जीव घरासाठी झुरता हा, तेका आज उजवो कौल दी, सुखान घराक ने रे म्हाराजा!"

भाईंनी हळूच मागे वळून तिच्याकडे पाहिलं, आता बरं वाटेल ना, अशा नजरेने. "व्हय म्हाराजा!" केवढा तो आवाज! त्यात श्रीपादचं कुडाळ होतं, भाईंचे माड होते, अक्काचे न ऐकावे लागणारे शब्द होते; प्रत्येकाने आपलं वेगळंच मागितलं होतं आणि वर जाताना ते सगळं एक झालं होतं. आता देवाने तरी काय समजायचं? आणि कावेरीच्या लक्षात आलं की आपलं तोंड मिटलेलंच आहे. तिचं व्हय आलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ते वेळेवर आलं नव्हतं. कुणाला ऐकू गेलं असेल का, एक आवाज कमी पडल्याचं? तिने चोरट्या नजरेने शेजारी पाहिलं. विमलावहिनींचे ओठही मिटलेले होते. वहिनींनी तिच्याकडे बघितलं, मग पुढे बघितलं, आणि पदर सारखा केला.

गुरव आत गेला. डावा पडू दे... तिने मागितलं, सगळ्या गावाच्या विरुद्ध, उघड उघड, आणि मागताना तिला लाजही वाटली नाही. पण देवळाकडून ढोल वाजला. उजवा! एकच जल्लोष झाला. पोरं धावत सुटली, गुरं हंबरली, अक्का कोंबड्यांच्या मागे पळाली. कावेरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि भाईंना वाटलं, आनंदाचं आहे. वाटू दे. त्यांना तरी बरं वाटू दे.

वाटेवर श्रीपाद तिच्या बरोबरीने चालू लागला. एका हातात स्टो, खांद्यावर गोधड्यांचं बोचकं. वेशीचा दगड ओलांडताना त्याने आवाज खाली आणला. "मगे? काय ठरवलंस?"

व्हय अगदी ओठांवर आलं. नेहमीसारखं, न बोलावता. तिने ते गिळलं.

"तुमका खंय बरां वाटता?" तिने विचारलं.

"माका?" तो थांबला. "माका काय... तुझ्यासाठी म्हणान..."

"माझा ऱ्हवांदे. तुमचा सांगा. तुमका खंय बरां वाटता?"

श्रीपादने एकदा गावाकडे पाहिलं, एकदा मागे मोडलेल्या खोपींकडे. बाजूने माणसं पुढे जात होती, कुणीतरी "चला, चला, दिवाबत्ती करूची आसा" म्हणून ओरडलं, आणि हा हातात स्टो घेऊन वाटेत उभा. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने ओळखलं, कारण ते तिचंच होतं, वर्षानुवर्षांचं. म्हणजे त्या दिवशी हाही शाळेत नव्हता! भाईही नसतील. कोण जाणे, कुणीच नसेल. तिला त्याची एवढी दया आली, आणि त्या दयेत एवढं हलकं वाटलं, की त्याचा हात धरावासा वाटला — भर वाटेत, गावासमोर.

तिने धरला नाही. फक्त त्याच्या हातातला स्टो आपल्याकडे घेतला आणि उभी राहिली. संसारात पहिल्यांदाच नवरा काय उत्तर देईल हे तिला माहीत नव्हतं, आणि ती थांबायला तयार होती.