रिकामी ठेवलेली टाकी

आजोबा गेले, सगळ्यांनी रडून घेतलं, आणि मग एजेने अंगणातल्या ट्रॅक्टरकडे बोट केलं. एजे म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. आमच्या किर्गिझ लोकांत माणूस गेला की त्याच्या घोड्यावर वर्षभर कुणी बसत नाही. खोगीर उलटं ठेवतात, शेपूट छाटतात.

"त्यांचा घोडा कोणता होता? हाच ना?" एजे म्हणाली.

आजोबांनी उभ्या आयुष्यात या निळ्या ट्रॅक्टरशिवाय दुसऱ्या कशावर मांड ठोकली नव्हती, त्यामुळे तोच त्यांचा घोडा ठरला. ट्रॅक्टरची सीट उलटी करून बसवली. छाटायला शेपूट नव्हतं, म्हणून टाकीतलं डिझेल शेवटच्या थेंबापर्यंत काढून घेतलं. कुणी चुकूनसुद्धा चालू करू नये!

अख्खा हिवाळा ती टाकी रिकामी राहिली. दिवसा ऊन, रात्री आमची ती नारीनच्या डोंगरातली थंडी, आणि आत पोकळ लोखंडाला सुटणारा घाम.

आजोबांचं वर्षाचं जेवण झालं, सीट सरळ झाली. बाबांनी ट्रॅक्टर चालू केला. तो फाटकापर्यंत गेला, दोनदा खोकला आणि बंद पडला. फिल्टर उघडला तर आत लाल चिखल, चहाच्या गाळासारखा.

शेजारचा दोरोनबेक कुंपणावर कोपरं टेकून बघत होता. तो आपल्या गाडीतून माणसं बिश्केकच्या विमानतळावर सोडतो.

"वर्षाच्या जेवणाला तो घोडाच कापतात," तो म्हणाला. "तुम्हीपण कापायचा होता. मांस जरा चिवट निघालं असतं, एवढंच."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत, कारण दोरोनबेकच्या गाडीत एक जागा त्यांच्यासाठी धरून ठेवलेली होती. आई दोन वर्षांपासून मॉस्कोत हॉटेलातल्या चादरी बदलते. बाबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं: गवत कापायच्या दिवसांत ट्रॅक्टर चालला तर राहीन, गावात सगळ्यांचं गवत आपणच कापू. नाही चालला तर रविवारी मीपण मॉस्कोला जाईन. घराला कुलूप, आणि तू एजेकडे.

"मी करते!" मी म्हटलं.

"काय करतेस?"

"टाकी. आतून. चकचकीत!"

हे वर्ष माझं होतं ना! गेल्या वर्षापर्यंत वर्गात कुणी माझं नाव घेतलं तरी कान तापायचे. या वर्षी रसायनशास्त्राच्या बाईंनी मला फळ्यापाशी उभं केलं, मी बोलायला लागले आणि मग थांबलेच नाही. गंज म्हणजे काय, त्याला काय खातं, सगळं मला येत होतं. आणि नवी टाकी मिळणार कुठे? गावातले बाकीचे जुने ट्रॅक्टर केव्हाच भंगारात गेलेत.

बाबांनी टाकी उतरवली. आम्ही तिच्यात तुटकी साखळी आणि नदीतली टोकदार खडी घातली, तोंडं बंद केली आणि हलवून बघितली. बाबांची कंबर आणि माझे दंड, दोन्ही लगेच गेले. तेव्हा मला सुचलं! नमदा, म्हणजे लोकरीचं जाजम करताना लोकर बोरूच्या चटईत गुंडाळून दोरीने ओढत, लाथा मारत अंगणभर लोळवतात. तशीच टाकी लोळवायची!

"पोरीला वेड लागलंय," एजे म्हणाली, पण चटई तिनेच आणली. तिच्यामागून गल्लीतल्या बायका आल्या. दोघी दोरी ओढायला, चौघी लाथा मारायला.

"मार गं, नवरा समजून मार!"

"नवरा असता तर एव्हाना स्वच्छ झाला असता!"

आतून साखळी खळखळत होती आणि मी पुढे उलटी चालत ओरडत होते, "डावीकडे! अजून! अजून!" बाबा उंबऱ्यावर बसून बघत होते. त्या दिवशी ते हसले. मी बघितलं.

ओतलं तेव्हा तांबडा भुगा निघाला, बादलीभर. उरलेल्या गंजासाठी मी घरोघरी फिरून दह्याची निवळी गोळा केली. उन्हाळ्यात कुरुत, म्हणजे दह्याचे खारट गोळे, वाळवायला घातले की ती आंबट निवळी सगळे ओतूनच देतात. टाकी काठोकाठ भरली, आणि दोन दिवस आमचं अंगण आंबून गेलं. दोरोनबेक नाक धरून जायचा. "ट्रॅक्टरला दूध पाजताय? उद्या शिंगरू होईल बरं!"

शनिवारी निवळी काढली, सोड्याच्या पाण्याने धुतलं, उन्हात सुकवलं. आत बॅटरी मारली आणि मी किंचाळलेच. चांदी! खरंच, ताटासारखं पांढरं लोखंड. मी बाबांना हात धरून ओढत आणलं. ते एका डोळ्याने आत बघत राहिले, खूप वेळ.

"तू इंजिनियर होणार," ते म्हणाले. मग हळूच, "तुझ्या आईला फोन करतो. राहतो म्हणून सांगतो."

"आधी डिझेल घालू. चालू झाला की फोन. आवाजच ऐकवू तिला!"

टाकी चढवली. डिझेल ओतलं. बाबा नळी जोडत होते आणि मी टाकीवरून हात फिरवला, सहज, लाडाने. हात ओला झाला.

मला वाटलं, ओतताना सांडलं असेल. फडक्याने पुसलं. पुन्हा थेंब आले, बारीक, घामासारखे. एक इथे, एक तिथे, मग खालच्या सगळ्या बाजूला. मी बाबांना हाक मारली नाही. तेच आले. त्यांनी वाकून बघितलं, पालथ्या बोटाने टाकी ठोकली. पुठ्ठ्यासारखा आवाज आला.

"लोखंड कधीच संपलं होतं," ते म्हणाले. "गंजच धरून होता सगळं."

"डाग देऊ!"

"एवढ्या पातळ पत्र्याला ज्योत लागली की वीतभर भोक पडेल."

"मग साबण!" कपडे धुण्याचा साबण भिजवून भोकात दाबला की डिझेल थांबतं, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. मी वडी आणली. दाबत गेले. एक बुजलं की शेजारचं उघडायचं. अंधार पडेपर्यंत बाबाही माझ्याबरोबर दाबत होते. मग उठले, हात धुतले आणि आत जाऊन बॅग काढली. चेन ओढल्याचा आवाज मी बाहेर ऐकला.

एजे माझ्याजवळ आली. म्हणाली, "मीच म्हटलं होतं रिकामी ठेवा."

"घोडाच होता ना तो," बाबा आतून म्हणाले. "बरोबरच केलंस."

रविवारी सकाळी मी पुन्हा ट्रॅक्टरखाली होते. खालच्या कोपऱ्यातला साबण निघाला होता आणि दोन धारा लागल्या होत्या. दोन्हींवर मी अंगठे दाबून धरले. बाहेर दोरोनबेकचा हॉर्न वाजला. त्याने आज काही चेष्टा केली नाही.

बाबा बॅग घेऊन आले, माझ्याशेजारी उकिडवे बसले.

"काढ हात."

"नाही. बाबा, भोकं बुजवायची राळ मिळते. बाईंना विचारते मी. सोमवारी विचारते!"

"हो, विचार," ते म्हणाले. त्यांनी माझ्या कपाळावर ओठ टेकवले, मग बादली सरकवून माझ्या हातांखाली ठेवली. उठून गेले.

गाडीचं दार लागलं. मला बाहेर पळायचं होतं, हात हलवायचा होता. पण अंगठे काढले असते तर सगळं डिझेल गेलं असतं. मी तशीच बसून राहिले. मनगटावरून कोपरापर्यंत थंड ओघळ येत होता, आणि गाडीचा आवाज पुलापलीकडे गेल्यावरही मी दाबूनच धरलं होतं.