व्लास्ताला मिळालेला नकार

व्लास्तिमिर उर्फ व्लास्ता याने बेलग्रेडमध्ये तीस वर्षं रुग्णवाहिका चालवली. त्यामुळे सावकाश जाणं म्हणजे काहीतरी अनर्थ झालेला असणार, असंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रुग्णवाहिका सावकाश जाते ती एकदाच, आतला माणूस गेल्यावर. म्हणून निवृत्तीनंतरही तो पाव आणायला निघाला तरी आग विझवायला निघाल्यासारखा निघायचा. शेवटी एका सकाळी पावाच्या दुकानातच छातीला हात लावून खाली बसला आणि त्याच्याच जुन्या गाडीतून, त्याच्या मते अतिशय रटाळ वेगाने, इस्पितळात पोचला.

डॉक्टरांनी सांगितलं, "महिनाभर बेलग्रेड सोडा. कुठंतरी शांत ठिकाणी जा. रोज चाला, पण हळू."

व्लास्ताची धाकटी बहीण सावेता सोम्बोरमध्ये दिलेली. याहून शांत गाव नकाशावर शोधायचं तर स्मशानंच बघावी लागतील, असं व्लास्ता गेली कित्येक वर्षं तिच्या तोंडावर म्हणत आला होता. आता मे महिन्यात एक सूटकेस घेऊन तो तिच्याच दारात उभा राहिला.

"ये, दादा," सावेता म्हणाली. "स्मशानात जागा रिकामी आहे."

चालायला घेऊन जाण्याचं काम तिच्या नवऱ्याकडे, गेदेओनकडे आलं. गेदेओन जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला, पोट सांभाळत चालणारा, शांत माणूस. दोघं बोजोशच्या झाडांखालून निघाले. सोम्बोरच्या रस्त्यांवर या झाडांची इतकी दाट सावली की ऊन खाली यायलाही वेळ घेतं. व्लास्ता सवयीने पुढे गेला, कोपऱ्यावर जाऊन मागे वळला, तर गेदेओन अजून फाटकापाशीच.

"काय झालं? दुखतंय का कुठं?"

"नाही. तू काहीतरी विचारलंस ना, म्हणून थांबलो."

"मी विचारलं, हवा कशी असते इथली!"

"तेच. आता थांबल्याशिवाय कसं सांगू?"

सोम्बोरची रीत अशी की चालताना बोलायचं नाही आणि बोलताना चालायचं नाही. आणि बोलण्यासारखं तर पावलापावलाला निघतं. मुख्य रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत तरुण माणूस विडी संपायच्या आत चालून जाईल, पण गेदेओनला त्याला अख्खी सकाळ लागायची, आणि तरी घरी येऊन तो म्हणायचा की आज जरा घाईच झाली. पहिल्या आठवड्यात व्लास्ताला वाटलं, हृदयाने नाही तर कंटाळ्याने मरणार आपण. दुसऱ्या आठवड्यात तो स्वतःच एका कुंपणाशी थांबून अनोळखी माणसाच्या टोमॅटोच्या रोपांबद्दल मत देत होता.

शनिवारी सावेताने त्याला बाजारात पाठवलं. तिथं चीजच्या ठेल्यासमोर त्याची गाठ पेर्सिदाबाईंशी पडली. सोम्बोरचं चीज लाकडी डब्यातून टोपीसारखं वर फुगून आलेलं असतं, आणि पेर्सिदाबाईंनी असा एक चांगलाच जड डबा घेतला होता. त्या गावच्या निवृत्त दंतवैद्य. साठी नुकतीच ओलांडलेली, ताठ मानेची, बारीक चष्म्याची बाई. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. बडबड्या सोम्बोरमध्ये त्यांना एक वेगळाच मान होता, कारण अख्खं गाव तोंड बंद ठेवायचं, म्हणजे खरं तर उघडं ठेवून गप्प बसायचं, ते फक्त त्यांच्यासमोर.

"द्या इकडे," व्लास्ता म्हणाला. "मी माणसं उचललीत, हा तर डबा आहे."

"तुम्ही सावेताचे भाऊ. हृदय बिघडलंय तुमचं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही यायच्या आधीच कळलं होतं. डावीकडचा वरचा दातही हलतोय तुमचा. बोलताना सारखी जीभ लावता. तो मात्र मी शोधला."

दोघं चालू लागले. पेर्सिदाबाईंचं घर अगदी जवळ, पण दर दहा पावलांवर कुणीतरी बाईंना थांबवायचं, आणि बाई थांबायच्या, आणि व्लास्ता डबा घेऊन शेजारी उभा राहायचा. मधल्या मोकळ्या वेळात त्याने एक गोष्ट सांगितली. एकदा बाळंतिणीला घेऊन तो सायरन वाजवत सुसाट निघाला, लाल दिवे तोडत इस्पितळाच्या दारात पोचला, धावत जाऊन मागचं दार उघडलं, तर आत नुसतं स्ट्रेचर. बाळंतीण आणि तिचा नवरा अजून त्यांच्याच फाटकात हात हलवत उभे होते.

पेर्सिदाबाई हसल्या. साधं हसल्या असत्या तर पुढचं काहीच झालं नसतं. पण त्या भर रस्त्यात, खांब धरून, चष्मा काढून डोळे पुसत हसल्या. चार वर्षांत त्यांना असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. समोरच्या खिडकीत उशीवर कोपर टेकून बसलेल्या बोसिल्काबाई उशीसकट पुढे झुकल्या.

व्लास्ता त्यांना दारापर्यंत सोडून घरी परतला. सावेता स्वयंपाकघरात त्याची वाटच बघत होती.

"काळा सूट आणलायस का रे?"

"कशाला? कोण गेलं?"

"जायला कशाला पाहिजे कुणी! गेदेओनचा आहे एक. कंबरेत आत घ्यावा लागेल."

सोम्बोरमध्ये माणसं जितकी हळू चालतात तितकीच बातमी जोरात पळते, हे व्लास्ताला त्या दिवशी कळलं. त्याची रुग्णवाहिकासुद्धा अशी कधी पळाली नव्हती. सोमवारी पाववाल्याने खसखशीच्या रोलचा एक तुकडा जास्तीचा बांधून दिला आणि डोळा मारला. मंगळवारी चर्चचे पुजारी सायकलवरून उतरून म्हणाले, "सप्टेंबरात बऱ्याच रविवारी मी मोकळा आहे. सहज सांगितलं." बुधवारी गेदेओन मुख्य रस्त्यावर थांबला, म्हणजे काहीतरी बोलायचं होतं.

"घर चांगलं आहे तिचं. मी मोजलंय. मागं अंगण आहे."

"अरे, मी फक्त चीजचा डबा उचलला!"

"हो ना," गेदेओन समजूतदारपणे म्हणाला. "सुरुवात कुठूनतरी होतेच."

व्लास्ताने ठरवलं, हे आता थांबवलं पाहिजे. सरळ जाऊन बाईंना सांगायचं की माझ्या मनात तसलं काही नाही, लोकांच्या बोलण्याचा त्रास झाला असेल तर माफ करा. सभ्य माणसासारखं सांगायचं म्हणून त्याने दाढी केली. तसंच सभ्यपणे स्वच्छ पांढरा सदरा घातला. ही पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे तो मुख्य रस्त्याने गेला. वाटेत जो तो थांबवू लागला. पाववाल्याने शुभेच्छा दिल्या. पुजाऱ्यांनी लांबूनच आशीर्वाद दिला. आणि बोसिल्काबाई चक्क खाली उतरून आल्या आणि अंगणातल्या लायलॅकची जांभळ्या फुलांनी लगडलेली फांदी त्याच्या हातात कोंबली.

"रिकाम्या हाताने जातात का हो कुणी?"

"अहो बाई, मी त्यासाठी नाही चाललो!"

"मग दाढी कशाला केलीत?"

व्लास्ताने नकळत गालावरून हात फिरवला. फांदी रस्त्यात टाकून देणं बरं दिसेना. अशा रीतीने आपल्या मनात काही नाही हे सांगायला निघालेला व्लास्ता गुळगुळीत दाढी, पांढरा सदरा आणि हातभर फुलं अशा थाटात पेर्सिदाबाईंच्या खिडकीखाली येऊन उभा राहिला. मागं थोड्या अंतरावर पाच-सहा माणसांना एकाच वेळी बुटाच्या नाड्या बांधायची गरज पडली होती.

त्याने हाक मारायच्या आत खिडकी उघडली.

"व्लास्तिमिर," पेर्सिदाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सज्जन गृहस्थ आहात. पण माझं उत्तर नाही असं आहे!"

"मी तर…"

"नाही म्हणजे नाही. फुलांबद्दल आभार." त्यांनी हात लांबवून फांदी घेतली आणि खिडकी लावून टाकली.

बोसिल्काबाईंनी छातीवर क्रूस काढला. नाड्या बांधणारी माणसं हळूहळू उभी राहिली.

व्लास्ताला राग आला, आणि रागामागून जे आलं त्याने तो जास्तच गोंधळला. त्याला वाईट वाटलं. जे मागायला तो गेलाच नव्हता ते मिळालं नाही, म्हणून पासष्टीच्या माणसाने हिरमुसून बसावं हा काय प्रकार? का नाही म्हणाली ही बाई? काय कमी आहे आपल्यात? एक दात हलतो, तो तर तिला दुरुस्त करता येतो!

"मी विचारलंच नव्हतं तिला!" तो घरी येऊन ओरडला.

"हो रे, हो," सावेता म्हणाली आणि त्याच्यासमोर सूप ठेवलं. "नव्हतंस विचारलं. खा."

सगळं गाव त्याच्याशी हळुवार वागू लागलं. पाववाला आता दोन तुकडे जास्तीचे देई आणि डोळा मारत नसे. ओट्यावर बसलेले म्हातारे त्याला बोलावून राकिया, म्हणजे जर्दाळूची घरगुती दारू, पाजत आणि खांद्यावर थोपटत. गेदेओन एका झाडाखाली थांबला.

"मलाही सावेताच्या आधी एकीने नाही म्हटलं होतं."

"मग?"

"मग काय. सावेता." त्याने उसासा टाकला, मग आजूबाजूला बघून घेतलं.

बेलग्रेडला परत जावं तर गाव म्हणेल, दुःख सोसवेना म्हणून पळाला. राहावं तर म्हणेल, अजून आशा धरून बसलाय. व्लास्ता सूटकेस भरायचा आणि पुन्हा रिकामी करायचा.

पुढच्या आठवड्यात पावाच्या दुकानात, भरल्या रांगेत, पेर्सिदाबाई त्याला म्हणाल्या, "तुमचा दात तसाच ठेवू नका. उद्या दुपारी या, बघते. झालं गेलं विसरून जाऊ." रांगेने माना डोलावल्या. काय मोठं मन बाईंचं!

दुसऱ्या दिवशी त्यांनी दात बघितला, ठेवण्यासारखा आहे म्हणाल्या आणि कॉफी केली. लायलॅकची फांदी टेबलावर बरणीत होती, जरा सुकलेली.

"राग आला?"

"मी विचारायला आलोच नव्हतो," व्लास्ता म्हणाला. आता हे वाक्य त्याचं त्यालाच खोटं वाटू लागलं होतं.

"माहीत आहे मला. तुमचं तोंडच सांगत होतं. तोंडं वाचण्यातच जन्म गेला माझा."

"मग नाही का म्हणालात? आणि एवढ्या मोठ्याने?"

"अहो, हो म्हटलं असतं तर सप्टेंबरात पुजारी दारात. काहीच म्हटलं नसतं तर हे गाव थंडी पडेपर्यंत माझ्या खिडकीखाली नाड्या बांधत बसलं असतं. नाही हा एकच शब्द असा आहे की तो ऐकून लोक आपापल्या घरी जातात." त्यांनी साखरेचा डबा पुढे सरकवला. "आता नाकारलेल्या माणसाबरोबर मी फिरले तर मला दयाळू म्हणतील. तुम्ही माझ्याबरोबर फिरलात तर तुम्हाला खिलाडू म्हणतील. बोला, शनिवारी बाजारात येताय?"

व्लास्ताने कप खाली ठेवला. मग त्याला हसू फुटलं, आणि या वेळी खांब धरायची पाळी त्याच्यावर आली असती, पण खोलीत खांब नव्हता.

त्यानंतर दोघं रोज फिरले. बाजारात, बोजोशखालून, पार कालव्यापर्यंत. कुणीही ढुंकून बघितलं नाही. बोसिल्काबाई तर उशी आत घेऊन गेल्या, कारण खिडकीत बसण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. महिना संपला, जून संपला. व्लास्ताच्या लक्षात आलं की बेलग्रेडची गाडी रोज सुटते, म्हणजे आजचीच पकडायचं काही कारण नाही.

जुलैमध्ये एके दुपारी कालव्याकाठच्या खाणावळीत, मासळीच्या लालभडक रश्श्यात रुंद शेवया कालवता कालवता, त्याने खरंच विचारलं. दाढी केलेली नव्हती. सदऱ्यावर रश्श्याचा डाग होता.

पेर्सिदाबाईंनी चमचा खाली ठेवला. "विचार करते," त्या म्हणाल्या.

सोम्बोरच्या बाईने विचार करते म्हटलं की ती खरंच विचार करते. त्या दिवशी उत्तर आलं नाही, त्या आठवड्यातही नाही. रोज त्या त्याच्याबरोबर हवापाण्याच्या, परदेशी असलेल्या आपल्या लेकीच्या, आलुबुखारांच्या गोष्टी बोलायच्या, आणि व्लास्ता वाट बघायचा. घाई करता येईना आणि थांबवेनाही. तीस वर्षांच्या सगळ्या सायरनांनी मिळून त्याच्या काळजाला जेवढी धडकी भरवली नव्हती तेवढी या एका शांत बाईच्या विचाराने भरवली. आलुबुखार पिकले, उतरवले गेले, त्यांचा मुरंबा होऊन बरण्यांत बसला. आणि एका सकाळी, त्याला मुरंब्याची बरणी देताना, त्या म्हणाल्या, "बरं. हो."

लग्न त्यांनी दुसऱ्या गावी, कुणाला न सांगता उरकलं. साक्षीदार म्हणून लग्ननोंदणीच्या कचेरीतल्याच दोन अनोळखी बायका मिळाल्या. परत आल्यावर रविवारी दोघं मिळून सावेताकडे जेवायला गेले. सूप झाल्यावर व्लास्ताने घसा साफ केला.

"सावेता, आम्ही लग्न केलं."

सावेताने नवऱ्याकडे बघितलं. गेदेओनने ताटाकडे बघितलं. मग ती उठली, भावाच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"असं रे काय बोलतोस दादा, तेही यांच्यासमोर? त्यांनी नाही म्हटलंय तुला. सगळ्या गावाने ऐकलंय."

"अगं, खरंच केलं! विचार त्यांना!"

सावेता पेर्सिदाबाईंकडे वळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मनावर घेऊ नका हं डॉक्टरीणबाई. मनाला फार लावून घेतलंय त्याने."

"हो, बघतेय मी," पेर्सिदाबाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "त्यांना थोडं मांस वाढा अजून."