गोदामातली देवी

सांगलीच्या हळद-पेठेतली दोन जुनी गोदामं परिचारिका संघटनेनं मुख्यालयासाठी घेतली, तेव्हा मंगलताईंना वाटलं, सुटले एकदाची. इतकी वर्षं नर्सबायांच्या सभा कधी लग्नाच्या हॉलात, तर कधी दवाखान्याच्या जिन्यावर. आता एका गोदामात कार्यालय, दुसऱ्यात सभागृह. निवृत्त मेट्रन आणि संघटनेच्या अध्यक्ष म्हणून त्यांचा एकच हट्ट होता, की गावोगावच्या पोरींना मानानं बसायला स्वतःची जागा हवी.

आर्किटेक्ट इंद्रजितला मात्र जुनेपण जपायचं होतं. "भिंतींना चुनाच हवा, मॅडम. इमारत श्वास घेते."

"घेऊ दे बाबा. पण रविवारी उद्घाटन आहे."

जोतीराम रंगाऱ्यानं शुक्रवारी सभागृहाला चुना मारला आणि शनिवारी उजाडलं तर समोरची भिंत लाल. पिढ्यान्‌पिढ्या पोती रचून भिंत हळद प्यायलेली. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे तिथल्या कुठल्या बाईला ठाऊक नाही? मंगलताईंची आई कुंडल गावी घरीच कुंकू करायची.

तरी देवी उमटली म्हणत दुपारी भिंतीपुढं नारळ फुटलाच. मागोमाग उदबत्त्या आणि ओट्या आल्या.

"सुलाबाई, अहो तुम्ही तरी," मंगलताई वैतागून खजिनदारांना म्हणाल्या. "उभा जन्म इंजेक्शनं टोचण्यात गेला तुमचा."

सुलाबाई शिराळ्याच्या. "आवं, हळद-चुना मला ठावं न्हाई व्हय? पर उमटलंय ते कुंकूच. पुसायचं कुणी?"

"मी न्हाई," जोतीराम म्हणाला. "माझ्या बायकोचं कुंकू शाबूत हाय. तसंच ऱ्हाऊ दे."

इंद्रजित फोटो काढत होता. "मॅडम, असंच ठेवलं तर? लय भारी दिसतंय."

"ठेव. आणि सभा घेते तुझ्या डोक्यावर."

सुलाबाईंनी आवाज खाली आणला. "सभा हुईल की. आदी पूजा करू. तेवढा येळ तुमी भाईर व्हरांड्यात बसा. पयली पूजा सवाष्णीची असती, आता तुमाला काय सांगायचं."

नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाच्या किती दारांवरून मंगलताई मागं फिरल्या होत्या. त्याचं आताशा काही वाटत नसे. पण संघटनेत त्यांच्यासारख्या थोड्या का होत्या? विधवा, टाकलेल्या, लग्नच न केलेल्या. त्यांनीही इथं येऊन व्हरांड्यातच बसायचं?

कार्यालयाच्या दारांसाठी आणलेला तैलरंगाचा डबा त्यांनी उचलला, पदर खोचला आणि जोतीरामच्या हातून ब्रश ओढून घेतला.

"मॅडम, ओल्या चुन्यावर तैलरंग टिकत नाही," इंद्रजित कळवळला.

"उद्याची सभा होईपर्यंत टिकला तरी पुरे."

"आवं ताई, कुंकू पुसताय," सुलाबाई म्हणाल्या.

"मीच पुसायला पाहिजे. माझं जायचं ते कधीच गेलंय."

पहिला पट्टा वेडावाकडा उमटला. सुलाबाईंनी वाकून नारळाची शकलं गोळा केली, उदबत्त्या विझवल्या.

"त्या कोपऱ्यात ऱ्हायलंय बघा," त्या पुटपुटल्या. "लावायचंच हाय तर धड तरी लावा."