उलटी छत्री

टेकाडावरून थोंगदीच्या हसण्याचा आवाज आला, तेव्हा फिलावन ओसरीवर गुडघ्याला गरम पानं बांधत बसली होती. तिचा हात तिथेच थांबला. एवढ्या वर्षांच्या संसारात नवरा डोंगरावरून हसत उतरल्याचं तिला आठवत नव्हतं.

त्याच्या मागून तिची धाकटी बहीण ओनकेव आली. तिच्या खांद्यावर पांढरी छत्री होती. फिलावनची छत्री.

डोंगरावर रानटी चेस्टनटची झाडं फुलली की अभ्यासकांना विकायचे किडे धरायला हे दोघं नवराबायको निघत. थोंगदी फांदीवर काठी मारी आणि फिलावन खाली छत्री उलटी धरी. फुलांवरचा कोलांटीकिडा दिसायला जेमतेम भाताच्या दाण्याएवढा, काळा, मागे सुईसारखं टोक. कापडावर पडला की तो कोलांट्या घेत उसळतो आणि पापणी लवायच्या आत उडून जातो. तेवढ्यात बाटलीची रबरी नळी तोंडात धरून श्वासाने त्याला बाटलीत ओढायचं. या कामात फिलावनचा हात धरणारी दुसरी बाई गावात नव्हती. पण गेल्या पावसाळ्यात ती बांधावरून घसरली आणि गुडघा कायमचा धरला. तेव्हा भावाकडे राहणाऱ्या विधवा बहिणीला तिनेच मदतीला बोलावलं होतं. ते आता सारखं सलत होतं.

"ताई, बघ तरी," म्हणत ओनकेवने बाटली पुढे केली.

आत कागदाच्या तुकड्यांमधून पाठीवर दोन पिवळे ठिपके असलेले किडे धडपडत होते. एका जपानी अभ्यासकाने थोंगदीला याच किड्याचं चित्र दाखवलं होतं. तेव्हापासून थोंगदीने त्याचा ध्यास घेतला होता. फिलावनला आजवर एकच सापडला होता, तोही पाय मोडलेला.

"कसे धरलेस गं?"

"मी कुठं धरते? छत्री जराशी कलती केली की आपणच घरंगळत कडेला जातात. मग सावकाश ओढायचे."

"हिला घाई नाही," थोंगदी हात धूत म्हणाला. "तू झडप घालायचीस."

त्याच्या बोलण्यात कसलाही खोचकपणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. जेवताना भाजलेल्या माशाचा मधला तुकडा त्याने ओनकेवच्या भाताशी सरकवला, तेही फिलावनने पाहिलं.

जेवून थोंगदी ओढ्यावर गेला. ओनकेव मागे भांडी घासत होती. फिलावनने बाटलीचं बूच काढलं आणि बाटली ओसरीच्या कडेवर ठोकली. किडे फळीवर पडले, कोलांट्या खात उसळले आणि एकेक करून उडाले. तिने मान वर केली, तर दारात ओनकेव उभी होती. तिचे हात ओले होते. 

थोंगदी परतल्यावर ओनकेवच पुढे झाली. "दाजी, माझ्या हातून बूच सैल राहिलं. सगळे गेले."

फिलावन त्याच्या रागाची वाट पाहत राहिली. तिच्या हातून एखादा जरी निसटला तरी तो संध्याकाळपर्यंत तोंड उघडत नसे. आज मात्र रिकामी बाटली हातात फिरवत तो म्हणाला, "जाऊ दे. उद्या धरशील."

दिवे लागायच्या सुमाराला ओनकेव गाठोडं बांधताना दिसली. फिलावन लंगडत तिच्यापाशी गेली.

"किडे सोडलेस, त्याचं काही नाही ताई," ओनकेव मान वर न करता म्हणाली. "पण तू मला तसली समजलीस."

फिलावनच्या ओठांवर 'राहा' आलं होतं. बाहेर पडलं ते वेगळंच.

"सकाळची गाडी लवकर असते," ती म्हणाली.

फुलोरा अजून सरला नव्हता. ओनकेव गेल्यावर फिलावन हट्टाने नवऱ्याबरोबर डोंगरावर गेली. थोंगदीने फांदीवर काठी मारली. फुलांच्या भुशाबरोबर पिवळ्या ठिपक्यांचा एक किडा छत्रीत पडला. फिलावनने सवयीने झडप घातली. गुडघा वाकला नाही, नळी कापडावर आपटली आणि किडा दोन कोलांट्या घेऊन उडून गेला.

थोंगदी पुढच्या झाडापाशी जाऊन ती लंगडत पोहोचेपर्यंत काठी टेकून उभा राहिला. त्याची नजर खाली, ओनकेवची गाडी गेली त्या रस्त्यावर होती.