लांबची गाडी

आमच्या शाळेत मोटार दुरुस्तीच्या वर्गात आम्ही तीनच मुली, आणि त्यात वायरिंगवर हात बसलेली मी एकटी. ही बढाई नाहीये. बरं, थोडीशी आहे. गेल्या वर्षापर्यंत मला वर्गासमोर उभं केलं की माझा आवाजच बसायचा. यंदा वेल्डिंगचे खांग सर स्वतःची स्कूटर माझ्या ताब्यात देऊन खुशाल चहाला जातात!

सुरुवात आईच्या स्कूटरपासून झाली. आई घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करते. आंघोळ, औषधं, पेज भरवणं. एक घर झालं की दुसरं, दिवसभर स्कूटरवर. आणि आमच्या ह्वालिएनकडचा रस्ता म्हणजे एका अंगाला डोंगर, आणि उरलेल्या जागेत खडीचे डंपर. भातकापणीच्या दिवसांत शेजारच्या गावातली एक बाई अशाच एका डंपरखाली गेली. ड्रायव्हर रस्त्यात बसून एकच म्हणत होता, "मला दिसलीच नाही." तेव्हापासून आईला जरा उशीर झाला की मी दारात जाऊन उभी राहायचे. मग मी ठरवलं, बाकी काही असो, माझी आई दिसलीच पाहिजे.

मागे लाल चमकणारी पट्टी, दोन्ही बाजूंना पांढरी. बैलाने डुरकावं तसा हॉर्न. आणि पुढे, हेडलाइटच्या खाली, दोन झगझगीत पिवळे दिवे, अगदी शेजारी शेजारी. आरशाला देवळातला लाल ताईत होता, तो आईने बांधलेला. तेवढा देवाचा, बाकी सगळं माझं.

"ही स्कूटर आहे की जत्रेतला पाळणा?" आई म्हणाली.

"दिसतेस की नाही ते सांग."

"अगं थोंग-थोंग, चंद्रावरून दिसेन मी."

खांग सरांना ते दिवे इतके आवडले की त्यांनीही हुबेहूब तसेच लावून घेतले. मी आठवडाभर हवेत होते.

आणि मग त्या मंगळवारी शाळेत डंपर आला. मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरला वरून काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते मुलांनी स्वतः बसून बघावं म्हणून. डंपर फाटकात उभा, तोंड समोरच्या शेतातून येणाऱ्या सरळ रस्त्याकडे. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावीकडे वळणारा समोरून येणाऱ्याला आडवा जातो. ड्रायव्हर आ-खुन काका, गालात सुपारी, दात लाल. झिमझिम पाऊस, डोंगरावरून धुकं उतरलेलं, चारच वाजले होते पण दिवस पार मावळल्यासारखा. माझा नंबर शेवटचा आला.

"चढ. आता समज, तुला इथून डावीकडे वळायचंय," काका म्हणाले. "समोर बघ आणि सांग, वळू का थांबू?"

मी काचेतून पाहिलं. वायपर फिरत होते. लांब धुक्यात दोन दिवे.

"एक गाडी येतेय. पण ती पार शेतातल्या पंपघराच्याही मागे आहे. वळा आरामात."

"नक्की?"

"नक्की काका. जेवून वळलात तरी चालेल."

काकांनी अर्थातच गाडी हलवली नाही. मी दुसरीकडे तोंड करून मैत्रिणीला हात केला, परत पाहिलं, आणि आमच्या नाकाखालून एक स्कूटर सर्रकन आत आली. हँडलला कांद्याच्या पोळ्यांची पिशवी, वर खांग सर, मजेत.

"मेला," काका शांतपणे म्हणाले. "तुझ्या हिशेबाने हा माणूस आत्ता मेला."

खाली उभी असलेली पोरं खो खो हसली. मीही हसले. आणि हसता हसता माझं लक्ष त्या दिव्यांकडे गेलं. ते माझे होते. माझ्याच हातांनी, वीतभर अंतरावर बसवलेले. हेडलाइट त्यांच्या झगमगाटात बुडून गेला होता, तिथे फक्त एक जोडी उरली होती. जोडी दिसली की डोळा म्हणतो, मोटार. आणि मोटारीचे दिवे इतके जवळजवळ, म्हणजे मोटार लांब. स्कूटर चाळीस पावलांवर आली तरी डोळा म्हणत राहतो, लांब आहे, वळ.

आईच्याही स्कूटरवर हेच दिवे.

"काका, आई..."

मंगळवारी आई दक्षिणेच्या गावातलं शेवटचं घर आटपून मला न्यायला येते. वाटेत खडी क्रशरचा फाटा. इकडून जाणारे सगळे रिकामे डंपर तिथे तिच्या समोरून डावीकडे वळतात. आणि ती याच वेळी तिथे पोचते.

फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. गाडी चालवताना फोन हातात घ्यायचा नाही, डिकीत टाकायचा, असं मीच तिला बजावलं होतं! माझी ऐकणारी आई. मला रडूच फुटलं.

"रड नंतर," काका म्हणाले. त्यांनी डोक्यावरच्या वायरलेसचा माइक काढून माझ्या हातात कोंबला. "फाट्यावर वळणारे सगळे आपलेच. हे बटण दाब आणि बोल. लवकर."

मी बटण दाबलं. एक क्षण वाटलं, गेलं, गेल्या वर्षासारखा आवाज बसला. मग बसायच्या आत मी ओरडले, "फाट्यावर कोण आहे? वळू नका! कुणीही वळू नका!"

खरखर. मग एक घोगरा आवाज, "आ-खुन, तुझा आवाज असा कशाने झाला रे? बायकोने गळा धरला?"

"दाढ्या, पोरगी सांगते ते ऐक!" काका माझ्या खांद्यावरून ओरडले.

"माझी आई येतेय, स्कूटरवर. पुढे दोन पिवळे दिवे आहेत, जवळ जवळ. ते बघून वाटतं लांबून मोटार येतेय. मोटार नाहीये ती! ती जवळ आहे!"

दुसराच आवाज आला, तरुण. "मी फाट्यावरच आहे. समोर एक गाडी दिसतेय, पण ती लांब आहे गं. मी निघतो, मागे रांग लागलीय..."

"नाही! नको ना दादा! थांबा! ती लांब नाहीये!"

खरखर. नुसती खरखर. मी बटण सोडलं, दाबलं, सोडलं. काका म्हणाले, "सोडून ठेव, नाहीतर त्याचं ऐकू येणार नाही." मी माइक दोन्ही हातांनी धरला. वायपर एकदा गेला, आला. परत गेला. काकांनी सुपारी चावायची थांबवली होती.

"आ-खुन काका," तो तरुण आवाज. जरा कापरा. "तिचं हेल्मेट जांभळं आहे का?"

"हो!" मी किंचाळले.

"गेली. माझ्या बंपरसमोरून गेली. माझं पुढचं चाक रेषेवर होतं. देवाशप्पथ सांगतो, मला वाटलं होतं ती अर्धा मैल लांब आहे."

"त्यावर मला एवढ्या मोठ्याने हॉर्न मारून गेली," मागून दाढ्या म्हणाला. "रांगेत उभा असलेल्या माणसाला!"

मी काकांच्या डॅशबोर्डवर डोकं ठेवून हमसून रडले. त्यांनी मला तोंड पुसायला ग्रीसचा फडका दिला. पुसलं.

आई आली ती खुशीत. "आज काय झालं माहितीये? फाट्यावर एका डंपरवाल्याने मला वाट दिली. थांबून! काय सभ्य पोरगा. बघ, तुझ्या दिव्यांचा उपयोग झाला." मग माझं काळं तोंड बघून, "हे काय? कोळसा खाल्लास?"

मी सांगितलं. सगळं. ती हसली. "काहीतरीच! दिवे दिसतात म्हणून तर तो थांबला. उलट आता मी त्या फाट्यावर वेगही कमी करत नाही."

मी तिच्या हातातून स्कूटरची किल्ली काढून घेतली.

"आई, वर चढ."

"वेडी आहेस का, गुडघे बघ माझे."

"चढ म्हणते ना! काका, हात द्या तिला." इतक्या मोठ्या आवाजात मी आईशी कधी बोलले नव्हते. ती चढली. "समोर बघायचं. गाडी जवळ आली असं वाटलं की हॉर्न दाबायचा. बास."

मी स्कूटर ढकलत शेतातल्या रस्त्याने पंपघरापर्यंत नेली, तोंड वळवलं, दिवे लावले, आणि हाताने धरून डंपरच्या दिशेने चालू लागले. कान हॉर्नकडे. अर्धा रस्ता झाला. हॉर्न नाही. भाताच्या खुंटांतून बगळे उडाले. हॉर्न नाही. डंपरच्या चाकाचे नट दिसायला लागले, आणि पुढचं चाक बंपरला टेकलं. मी वर पाहिलं. आईचा हात हॉर्नच्या वर तसाच अधांतरी होता.

ती उतरली. ओढणीसारखा गळ्यातला पंचा काढून तिने माझा चेहरा पुसला, जरा जोरातच.

"काढून टाक ते."

"काढत नाही. लांब करते."

खांग सर स्वतःच पाना घेऊन आले. पोळ्यांची पिशवी त्यांनी आईला दिली, आणि गुपचूप आधी स्वतःच्या दिव्यांची वायर उपटली. मी आईचे दिवे मडगार्डवरून सोडवून खाली, पाय ठेवायच्या फळीच्या दोन टोकांना बसवले, जितके बाहेर जातील तितके. हेडलाइटमध्ये नवा बल्ब. वर एक, खाली दोन, मोठा त्रिकोण. आई फुटपाथवर बसून पोळी खात होती आणि दर मिनिटाला विचारत होती, "घट्ट बसवलंस ना?"

मग परत ती वर, मी पंपघराशी. आता खरंच अंधारायला लागलं होतं. दिवे लावले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिकडून डंपरचा हॉर्न घुमला. थांबेचना. मी अजून केवढी लांब होते.