बंद करून दाखव

“मूर्खपणा आहे हा! ती बाई स्वतः म्हणतेय, सरळ माझ्या खात्यात टाका, कमी करून देते. आणि तुला मध्ये तिसराच कोणीतरी बसवायचाय. वर त्यालाच फी द्यायची!”

“ओरडू नकोस. रिव्हेट वाकडं बसलं बघ.”

आत्यानं वाकडं रिव्हेट पकडीनं उपटून काढलं आणि ओठांत धरलेलं दुसरं घेतलं. काम करताना तिच्या ओठांत कायम दोन-तीन रिव्हेटं असायची, त्यामुळे ती तोंडाच्या एका कोपऱ्यातून बोलायची. भांडतानाही तसंच. समोरचा नाचो, कुदो, रिव्हेट काही पडायचं नाही.

“तिनं अजून कोणालातरी दिलं तर? मग बस रडत!”

“देऊ दे. उतावळा नवरा आहेस नुसता. भडक्या, पाणी पी जा.”

भडक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण शाळेत पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. शाळा मात्र सुटली. एका सरांशी कडाक्याचं वाजलं, हा दप्तर उचलून जो निघाला तो परत गेलाच नाही. घरी महिनाभर सगळ्यांनी त्याला धारेवर धरलं. आत्यानं काहीच म्हटलं नाही. एका सकाळी येऊन तिनं त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला, म्हणाली, “चाकं बदलता येतात का बघ.” येत होती. तेव्हापासून तो तिच्या दुकानात.

दुकान प्रवासी बॅगा दुरुस्त करायचं. तुटलेली चाकं, अडकलेल्या चेनी, निखळलेल्या मुठी आणि नंबर विसरल्यामुळे न उघडणारी कुलपं. खिडकीत काचेच्या बरण्या होत्या, त्यात चेनीचे दात आकारानुसार वेगळे केलेले. गिऱ्हाइकं आत्याला ‘बॅगवाली’ म्हणायची, आणि शेवटी पाटीवरही तेच रंगवून टाकलं होतं.

पण आता पाटीच उतरायची होती. इमारत पाडणार होते. समोरच्या रस्त्यावर नवीन दुकान घ्यायचं तर डिपॉझिटला आत्याची सगळी शिल्लक गेली असती. तिनं हिशोब दुसरा केला. खोली घ्यायची मागच्या गल्लीत, स्वस्तातली, जिथे कोणी चुकूनही येणार नाही. आणि शिल्लक घालायची इंटरनेटवरच्या नावात. ‘बॅगवाली’ असं टाइप केलं की आपलंच दुकान उघडलं पाहिजे. लोक सापडत नाहीत तर आपणच सापडायचं.

ही आयडिया भडक्याचीच होती. आत्यानं ती डोळे झाकून मानली असंही नाही आणि उडवूनही लावली नाही. “शोध, बोल, ठरव. मला विचारल्याशिवाय पैसा हलवू नकोस,” एवढंच म्हणाली. आत्तापर्यंत त्याच्या हातात कोणी सायकलची किल्लीसुद्धा विश्वासानं दिली नव्हती. त्यामुळे ही शिल्लक बुडाली तर नुसते पैसे जाणार नव्हते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तो इतका चिडचिडा झाला होता.

नाव आधीच कोणाचं तरी होतं. लांबच्या शहरातल्या एका बाईचं. ती विकायला तयार होती, फक्त घाईत होती.

“तिला तू पाहिलंयस?” आत्यानं विचारलं.

“नाही.”

“तिनं तुला?”

“नाही.”

“मग तुम्ही दोघं एकमेकांना भुतं. भुतांच्या व्यवहाराला एक जिवंत माणूस लागतो मध्ये. काय म्हणतात त्याला?”

“एस्क्रो,” तो पुटपुटला. हेही त्यानंच तिला सांगितलं होतं आणि आता पस्तावत होता. “आपण पैसे त्यांच्याकडे ठेवायचे. ते तिला कळवणार, पैसे आलेत, आता नाव द्या. तिनं दिलं की आपण बघायचं आणि ‘मिळालं’ म्हणायचं. मगच पैसे तिला.”

“झकास. फी आपण भरू. आणि एस्क्रोवाला आपण शोधायचा. ती लिंक पाठवेल ती नाही. चोरानं सुचवलेला पहारेकरी नको.”

“म्हणजे ती चोर?”

“मी कुठे म्हटलं? असेल तर, म्हटलं.”

त्यानं एक जुनी, नोंदणी असलेली संस्था शोधली, पत्ता स्वतः टाइप केला, तिथल्या नंबरवर फोन करून खात्री केली. फोनवरची बाई घोगऱ्या आवाजाची होती, सर्दी झाल्यासारखी. विकणारी बाई आधी फुरंगटली, पण शेवटी तयार झाली. आत्याचे पैसे मधल्यांकडे जमा झाले. त्या दिवशी भडक्याला जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी मेसेज आला, ‘नाव तुमच्याकडे दिलंय. बघून घ्या.’

त्यानं घाईघाईनं कॉम्प्युटरवर नाव टाकलं. आणि उघडलं की! त्यानंच आधी बनवून बाईला पत्ता कळवलेलं पान, वर आत्याचा फोटो, ओठांत रिव्हेटं, खाली दुकानाचा नंबर. तो स्टुलावरून असा उठला की चेनीच्या दातांची बरणी आडवी झाली.

“आत्या! आलं! आपलं झालं!”

एस्क्रोच्या पानावर हिरवं बटण होतं, ‘मिळालं, पैसे सोडा’. त्याचं बोट माउसवर होतंच.

आत्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या सुटकेसचं कुलूप बसवत होती. दुकानात एक रीत होती. नवं कुलूप उघडलं म्हणून काम झालं असं ती कधी मानायची नाही. उघडं कुलूप कोणाच्याही हातात उघडंच असतं. गिऱ्हाइकानं स्वतःच्या नंबरानं ते बंद करायचं, ओढून बघायचं, मग परत उघडायचं. तेव्हाच ती पैसे घ्यायची. गृहस्थ आत्ता तेच करत होते, जीभ दाताखाली धरून.

तिनं मान वर न करता विचारलं, “उघडलं का?”

“हो!”

“बंद करून दाखव.”

“म्हणजे?”

“तुझ्या हातानं ते पान बंद कर. मग परत चालू कर.”

“त्यानं काय होणार? डोळ्यांसमोर दिसतंय ना तुला!”

“दिसतंय रे. बंद करून दाखव.”

त्यानं दात-ओठ खात स्वतःचं खातं उघडलं, जिथे आपल्या मालकीची नावं दिसतात ते. नावावरून उघडणारं पान तिथून बंद करता येतं. फक्त त्यासाठी नाव तिथे असायला हवं.

यादी रिकामी होती.

त्यानं पान परत उघडलं. रिकामी. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं नाव दिलंच नव्हतं. नुसतं इकडे वळवलं होतं. पाटी आपल्या दारावर लावली, किल्ली स्वतःच्या खिशात. मनात आलं की उद्या काढून घेईल. आणि हिरवं बटण एका बोटाच्या अंतरावर होतं.

“ढापणारी! मी म्हणत नव्हतो, चोर आहे!” असं तो अजिबात म्हणत नव्हता, पण आत्यानं तो मुद्दा काढला नाही. तो खाडखाड टाइप करायला लागला. दुसरं वाक्य तर कोणाच्याही आत्यासमोर वाचण्यासारखं नव्हतं.

“पाठवायच्या आधी मला वाचून दाखव,” ती म्हणाली.

त्यानं वाचायला सुरुवात केली, दुसऱ्या वाक्यापाशी अडखळला, गृहस्थांकडे पाहिलं आणि सगळं पुसलं.

“मधल्या बाईला फोन कर. तिला फी कशाची दिलीय?”

घोगऱ्या आवाजानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, “दादा, तुमचे पैसे माझ्याकडे आहेत. तुम्ही ‘मिळालं’ म्हटल्याशिवाय ते इथून हलत नाहीत. आधी श्वास घ्या. तिकडे मी बोलते.”

त्यानं खरंच श्वास घेतला. इतक्या वर्षांत शांत हो म्हणणारे खूप भेटले होते, पण शांत होण्यासारखं काही कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारी दुकानाचा फोन वाजला. पलीकडे विकणारी बाई. आत्यानं स्पीकर लावला.

“तो भांडखोर मुलगा तुमचा का हो?”

“भाचा. भांडखोर आहे, पण आमचा आहे.”

“मला वाटलं, नाव तुमच्याकडे उघडतंय म्हणजे दिलंच की. त्या मधल्या ताईंनी आत्ता समजावलं.” बाई जरा थांबली. “आणि खरं सांगू का? थोडं हातातही ठेवलं होतं. मी कापडी पिशव्या शिवायची. मीपण बॅगवालीच. एका दुकानदाराला सगळा माल आधी पाठवला आणि तो गडप. पुढे शिवणंच सोडलं. दुधानं तोंड पोळलंय माझं. म्हणून म्हणत होते, आधी पैसे खात्यात टाका.”

“आम्हीही ताक फुंकूनच पीत होतो,” आत्या म्हणाली आणि ओठांतलं रिव्हेट काढून मनापासून हसली.

भडक्याचे कान गरम झाले. ज्या बाईला तो चोर ठरवून बसला होता ती त्याच्याइतकीच घाबरलेली होती. त्यानं ते दुसरं वाक्य पाठवलं असतं तर तिनं फोन आपटला असता आणि बरोबरच केलं असतं.

“वळवणं तेवढं येतं, पण द्यायचं कसं ते मला येत नाही हो,” बाई म्हणाली.

“मी सांगतो, काकू,” तो म्हणाला. आपल्या तोंडून काकू कसं आलं याचं त्यालाच नवल वाटलं. “वर कुलपाचं चित्र दिसतंय? त्याच्यावर दाबा.”

“थांब, चष्मा कुठे गेला... डोक्यावरच आहे. हं, दाबलं. काहीच होत नाही.”

“होईल. परत दाबा. मी आहे लाइनवर.”

आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं हा कोण मुलगा दुकानात शिरलाय. काकूंनी चुकीचं बटण दाबलं, सगळं पहिल्यापासून करावं लागलं, तरी तो भडकला नाही. मग त्यांनी नाव दुसऱ्याला देण्याचा कोड एकेक अक्षर वाचत सांगितला. त्यानं तो आपल्या खात्यात भरला. पुढचे काही दिवस नाव वाटेत लटकून राहिलं आणि तो दर थोड्या वेळानं यादी उघडून बघत राहिला. अखेर एका सकाळी ते तिथे आलं.

त्यानं हाक मारली नाही. आत्या पाठीमागे येऊन उभी राहीपर्यंत थांबला. पान बंद केलं. गायब. परत चालू केलं. आत्या, रिव्हेटं, दुकानाचा नंबर.

“आता तू दाब,” त्यानं माउस तिच्याकडे सरकवला.

तिनं तेलकट बोट फडक्याला पुसलं आणि हिरवं बटण दाबलं. थोड्या वेळानं काकूंचा मेसेज आला, ‘पैसे मिळाले. नाव सांभाळा, मी फार हौसेनं घेतलं होतं.’ त्यानं लिहिलं, ‘हो काकू. तुमची कुठलीही बॅग तुटली तर पाठवा, फुकट.’ मधल्या ताईंनाही लिहिलं, ‘थँक यू. सर्दीला जपा.’ त्यांचं उत्तर आलं, ‘आवाजच असा आहे, दादा.’

आज पाटी उतरली होती. दुकान रिकामं, बरण्या कागदात गुंडाळलेल्या. आणि मागच्या गल्लीतल्या त्या खोलीसाठी पहिला मेसेज येऊन पडला होता. कोणीतरी नाव टाइप करून शोधलं होतं. बॅगेचं चाक तुटलंय, संध्याकाळची गाडी आहे, कोणी बॅग न्यायला येईल का?

आत्या शेवटच्या खोक्याला चिकटपट्टी लावत होती. तो तिच्याजवळ घुटमळला.

“काय रे?”

“काही नाही. ते... तू त्या दिवशी बंद करून दाखव म्हणालीस ना... आणि त्याच्या आधी, तो स्क्रू-ड्रायव्हर...”

बाहेर सामान न्यायला आलेल्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. लांब, वैतागून.

“बोल ना.”

“अगं, ती चाक तुटलेली बॅग आणायचीय,” तो म्हणाला. “निघायला हवं मला आता.”