उसनं विरजण

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जहिदाने काचेची बशी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. वॉर्डातल्या सुलाच्या रक्तातून वाढवलेल्या जंतूंच्या दुधट थरावर औषधाच्या कागदी टिकल्या ठेवलेल्या होत्या. औषध लागू पडलं की टिकलीभोवती स्वच्छ रिंगण उमटतं. टायफॉईडच्या नेहमीच्या औषधाभोवती आज रिंगणच नव्हतं. पंधरवड्यापूर्वी याच मुलीच्या रक्तातल्या जंतूंनी त्याच औषधापुढे सपशेल हात टेकले होते.

मोठे डॉक्टर म्हणाले, बशीवरचं नाव चुकलं असेल. जहिदाला ते झोंबलं. सात वर्षांत तिची एक चिठ्ठी इकडची तिकडे झाली नव्हती. पण नऊ वर्षांच्या सुलाचा उलटलेला ताप हटायचं नाव घेत नव्हता. मानापमान गुंडाळून ठेवून ती वॉर्डात गेली.

सुलाची आई तानुबाई एकलहऱ्याच्या वसाहतीतली. तिने सगळं मोकळेपणाने सांगितलं. ताप उतरल्यावर उरलेल्या कॅप्सुला तिने शेजारच्या भागीबाईला दिल्या होत्या. तापाच्याही आधी सुलाला जुलाब झाले, तेव्हा भागीबाईनेही आपल्याकडच्या दोन दिल्या होत्या. जहिदाला रागही आला आणि कीवही. ती खाटेच्या कडेला टेकली.

"विरजण संपलं तर काय करता?"

"भागीबाईकडून आणते की चमचाभर."

"जंतूंचंही तसंच. पोटातल्या साध्या जंतूपाशी कधी कधी औषधाला न जुमानण्याचं विरजण असतं. पुस्तकात त्याला प्लास्मिड म्हणतात. तो ते टायफॉईडच्या जंतूलाही देतो. अर्धवट औषधाने बाकीचे मरतात, हे तेवढे माजतात."

तानुबाईचा हात पोरीच्या कपाळावरच राहिला. "म्हंजे मीच केलं का हे?"

"ठाऊक नव्हतं तुम्हाला. आता औषध उरू द्यायचं नाही."

जहिदाने नमुने पुन्हा लावले. सुलाच्या पोटातला साधा जंतू आणि टायफॉईडचा, दोघेही त्या औषधाला बधत नव्हते. दुसऱ्या एका टिकलीभोवती मात्र रुपयाएवढं रिंगण होतं. डॉक्टरांनी बशी बराच वेळ निरखली आणि औषध बदललं. सहाव्या दिवशी ताप उतरला.

तीन आठवड्यांनी तानुबाई सुलाला दाखवायला आली, ती औषधाची रिकामी बाटली घेऊनच.

"भागीबाई आली होती मागायला," ती म्हणाली. "नातीला ताप हाय. नाय म्हणताना लय जड गेलं."

"मग?"

तानुबाईने दाराबाहेर बोट दाखवलं. बाकड्यावर भागीबाई नातीला मांडीवर घेऊन, केसपेपर मुठीत धरून बसली होती.

जहिदाने नातीचं रक्त घ्यायला सुई उकळायला ठेवली.